जोडनोंद

वैजयंती मगदूमला मोटरसायकल शिकवली ती तिच्या वडिलांनीच. मिरजेत पोलिसांच्या मैदानावर, परेड सुरू व्हायच्या आधी. नेमगोंडा मगदूम तेव्हा हवालदार होते, पुढं सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यावर घरात दोघंच उरली. वैजयंती दिवसभर रुग्णालयात लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सोडवायची, आणि रविवारी अप्पांना मागं बसवून कुठं ना कुठं घेऊन जायची. मुलगी गाडी चालवतेय आणि पासष्टी ओलांडलेला बाप मागं ऐटीत बसलाय, हे बघून गल्लीतले लोक हसायचे. अप्पांना त्याचं काही वाटत नसे. उलट ते चौकात मुद्दाम मान ताठ करून बसायचे.

त्या रविवारी दोघं म्हैसाळला चुलतभावाच्या वास्तुशांतीला निघाली होती. दुपार कलत होती. कालव्याचा पूल ओलांडला, की पुढं बराच वेळ नुसती उसाची शेतं आणि कडेला बाभळी. तिथंच एका बाभळीखाली पोलिसांची गाडी उभी होती. एकटाच अधिकारी होता. त्यानं हात दाखवला आणि वैजयंतीनं गाडी कडेला घेतली.

लायसन, गाडीचे कागद, विमा, सगळं नीट होतं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि शेवटी म्हणाला, "बॅटरी कंपनीची दिसत नाही. गाडी चौकीला घ्यावी लागेल."

"कंपनीचीच आहे साहेब. पावती आहे मोबाईलमधे, दाखवते."

"पावती मला नको दाखवू. आधी तो डोळा बंद कर."

वैजयंतीच्या हेल्मेटच्या कपाळावरच्या कॅमेऱ्याचा बारीक लाल दिवा लागलेला होता.

"बंद करणार नाही," ती म्हणाली. "चालू ठेवायचा मला अधिकार आहे. तुमच्या छातीवर नावाची पट्टी पण नाही. नाव सांगता का?"

त्यानं नाव सांगितलं नाही. सरळ हात घालून गाडीची किल्ली काढायला गेला. वैजयंतीनं किल्लीवर आपला हात ठेवला, ढकललं नाही, काही नाही, नुसता ठेवला. त्यानं तिचा अंगठा धरला आणि मागं पिरगळला. कट्‌ असा आवाज तिला ऐकू आला, आणि मग डोळ्यांपुढं अंधारी आली.

मागं बसलेले अप्पा तेवढ्यात खाली उतरले. हेल्मेट त्यांनी काढलं नाही, काचही वर केली नाही. खालच्या आवाजात एवढंच म्हणाले, "पुरे, साहेब. जाऊ द्या."

अधिकारी थबकला. त्यानं अप्पांकडं पाहिलं, किल्ली गाडीवर टाकली आणि पाठ वळवली.

म्हैसाळला जाणं झालंच नाही. अप्पांनीच गाडी चालवत तिला मिरजेला परत आणलं. अंगठ्याच्या मुळाशी हाडाला हाड बांधून ठेवणारा बंध तुटला होता. शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टर ओळखीचेच होते. ते म्हणाले, "जेवाखायला, लिहायला हात चालेल. पण पेशंटच्या पाठीत अंगठा रोवून दाब देणं... ते आता बघावं लागेल, मॅडम."

वैजयंतीचं सगळं काम अंगठ्यावरच होतं.

*

हेल्मेटवरचा हा डोळा तोवर सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. पण तो आला कसा, हे सांगायला हवं.

काही वर्षांपूर्वी खोटी चित्रफीत बनवणं इतकं सोपं झालं, की कुणीही कुणालाही काहीही करताना दाखवू शकत होतं. न्यायालयांनी शेवटी चित्रफिती पुराव्यात धरणंच सोडून दिलं. त्यात खरं टिपणारा नाहक भरडला गेला, कारण खरं आणि खोटं दिसायला सारखंच. मग संशोधकांनी दुसऱ्या बाजूनं विचार केला. नंतर बघून खरेपणा कळत नसेल, तर चित्र टिपलं जात असतानाच त्याला साक्षीदार जोडून द्यावा. त्यांनी कॅमेऱ्यात एक चिप घातली. ही चिप क्षणाक्षणाच्या चित्राचा आणि आवाजाचा ठसा काढते. ठसा म्हणजे आकड्यांची एक ओळ. त्या ओळीवरून चित्र परत तयार होत नाही, पण चित्रात केसाएवढा बदल केला तरी ओळ जुळत नाही. आणि ही चिप आपला ठसा आसपास चालू असलेल्या प्रत्येक चिपला देते, तिचा ठसा आपण घेते. म्हणजे तुमच्या चित्राच्या खरेपणाची खूण रस्त्यावरच्या कुणा परक्याच्या हेल्मेटमधे राहते, आणि त्याच्या चित्राची तुमच्या.

अशा एकमेकांना दुजोरा देणाऱ्या दोन नोंदींना कायद्यानं नाव दिलं जोडनोंद. जोडनोंद असेल तर पुरावा भक्कम. एकट्या नोंदीला किंमत नाही.

त्याच कायद्यात आणखी दोन कलमं होती. कामावरच्या पोलिसाचं चित्रीकरण करायचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे, हे पहिलं. दुसरं असं, की नोंद ज्यानं केली तिच्यावर हक्क त्याचाच. ती त्याच्याकडून कुणी हिसकावून घ्यायची नाही, द्यायची सक्ती करायची नाही, आणि त्यानं ती पुसली तर तो गुन्हा धरायचा नाही. पोलीस लोकांचे मोबाईल काढून घ्यायचे, म्हणून हे कलम आलं. ते मंजूर झालं त्या दिवशी लोकांनी पेढे वाटले होते. वैजयंतीनंही रुग्णालयात वाटले होते.

*

तक्रार तिनं हात गळ्यात बांधलेला असतानाच केली. चौकशी अधिकाऱ्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "जोड आहे का?"

बाभळीखाली तीनच डोळे होते. एक तिचा. एक त्या पोलिसाच्या खांद्यावरचा, तो म्हणे चार्जिंगला लावलेला होता. आणि एक अप्पांच्या हेल्मेटवरचा.

"माझा बंद होता गं," अप्पा म्हणाले. ते तेव्हा तिच्यासाठी पोळीचे घास कुस्करत होते. "मला कुठं ते चार्ज करायचं लक्षात राहतंय."

वैजयंतीनं ते खरं मानलं. न मानायचं काही कारणच नव्हतं. उलट अप्पांना वाईट वाटू नये म्हणून तीच म्हणाली, "असू दे अप्पा. बघू काहीतरी."

आठवडाभरातच तिच्यावर गुन्हा दाखल झाला. सरकारी कामात अडथळा. महिलेनं अधिकाऱ्याला ढकललं, झटापटीत स्वतःच पडली, आणि बदनामीसाठी एकटी नोंद पुढं करतेय, असं फिर्यादीत लिहिलं होतं. फिर्यादीखाली नाव होतं, उपनिरीक्षक खोत.

नाव वाचून वैजयंतीला काहीतरी आठवल्यासारखं झालं. ती बेळगावला शिकायला होती, तेव्हा अप्पांच्या फोनवर त्यांच्या ठाण्यातल्या एका तरुण पोलिसाचं हे नाव सारखं असायचं. खोत जेवायला आला होता, खोतला मुलगा झाला. पण खोत आडनावाची माणसं या भागात थोडी का आहेत?

"तो तुमचा खोत तर नव्हे?" तिनं विचारलं.

अप्पा खिडकी लावत होते. "तो बदलून गेला कधीच," ते म्हणाले.

शिक्षा झाली तर फिजिओथेरपिस्ट म्हणून असलेली तिची नोंदणी रद्द होणार होती. म्हणजे अंगठा बरा झाला तरी काम गेलं. तिनं वकील गाठली, नौशीन मुजावर. बाई कामाला वाघीण होती, उगीच दिलासा देत नसे. "ताई, तुमच्या नोंदीला जोड नाही, म्हणजे न्यायालयात ती मी लावू शकत नाही," ती म्हणाली. "तरी चिप पडताळणी केंद्रात दाखवून येऊ. रस्त्यानं कुणी गेलं असेल, एखाद्या ट्रकचा डोळा असेल."

पडताळणी केंद्रात बिराजदार नावाचे शांत गृहस्थ होते. त्यांनी चिप यंत्रात घातली, पडद्यावर आकड्यांच्या ओळी सरकू लागल्या. थोड्या वेळानं ते म्हणाले, "जोड आहे की."

वैजयंती खुर्चीतून उठलीच. "कुणाची?"

"दुसरी एक चिप पूर्ण वेळ चालू होती. गाडी थांबायच्या आधीपासून ते तुम्ही परत फिरेपर्यंत. तिचे ठसे तुमच्याकडं नीट उतरलेत, आणि हे बनवता येत नाहीत, त्यावर तिची सही असते." त्यांनी चष्मा वर केला. "फार जवळ होती हो. हातभर अंतरावर. तुमच्या मागं कोण बसलं होतं?"

नौशीननं वैजयंतीकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"ती चिप आणून द्या," बिराजदार म्हणाले. "तिच्यात तुमचे ठसे असतील. दोन्ही जुळले की झालं काम."

*

अप्पा व्हरांड्यात पेपर वाचत होते. वैजयंतीनं अहवाल त्यांच्या मांडीवर ठेवला.

"तुमचा डोळा चालू होता, अप्पा."

त्यांनी अहवाल वाचला नाही. पेपरची घडी घातली, मग ती घडी आणखी एकदा घातली.

"पुसलं मी ते," ते म्हणाले.

तिला वाटलं होतं, ते म्हणतील, विसरलो होतो, बघू दे, कुठंतरी असेल.

"खोत आपलाच होता. बघितल्याबरोबर ओळखला मी, गाडी थांबली तेव्हाच."

"मग हेल्मेट का नाही काढलंत? तुम्हाला बघितलं असतं तर त्यानं मला हात लावला असता का?"

"सुरुवातीला वाटलं, चार शब्द बोलेल आणि सोडेल. मी दिसलो असतो तर त्याला लाज वाटली असती."

"त्याला लाज वाटली असती," वैजयंती म्हणाली. तेच शब्द तिनं पुन्हा सावकाश म्हटले, जणू आपण बरोबर ऐकलं की नाही हे ती तपासत होती.

"वैजू, तुला माहीत नाही. दंगलीत वीट माझ्या डोक्यावर यायची होती. तो आडवा आला. एका कानानं त्याला आजतागायत ऐकू येत नाही. तो कान माझा आहे असं समज. तुझा हात आज ना उद्या बरा होईल. त्याची नोकरी गेली तर परत येणार नाही. दोन पोरं आहेत त्याला."

"आणि माझ्यावरचा गुन्हा?"

यावर मात्र अप्पांचा चेहरा पडला, आणि त्यांनी सगळं सांगितलं. त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी देवळाला जातो म्हणून ते बाहेर पडले होते, ते खोतकडं गेले होते. अप्पांनी त्याला झापलं होतं. तो पाया पडला, रडला. त्याच्यासमोरच अप्पांनी नोंद पुसली, आणि त्यानं शब्द दिला, की मी काही करणार नाही, आठवड्यानं घरी येऊन ताईंची माफी मागतो.

"आणि जोड राहिली नाही हे कळल्यावर त्यानं फिर्याद ठोकली," वैजयंती म्हणाली.

"वरून दबाव आला म्हणतो."

"म्हणतो म्हणजे? अजून बोलता तुम्ही त्याच्याशी?"

अप्पांनी मांडीवरचा अहवाल उचलून बाजूला ठेवला.

वैजयंती पायरीवर बसली. एवढ्या दिवसांत तिची वेणी अप्पांनी घातली होती. घास भरवले होते. आणि ते भरवत असताना हे सगळं त्यांच्या पोटात होतं.

"एक करा," ती शेवटी म्हणाली. "नोंद गेली ती गेली. पुसणं गुन्हा नाही, तुम्हाला कुणी काही करणार नाही. पण न्यायालयात उभे राहा आणि सांगा, की डोळा चालू होता, मी बघितलं, त्यानं माझ्या मुलीचा अंगठा पिरगळला. एवढंच. खरं तेवढं सांगा."

अप्पांनी पेपर बाजूला सारला. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सांगतो," ते म्हणाले.

*

असे खटले नव्या कायद्यानं लवकर उभे राहायचे. तारखेला अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला. रिक्षात दोघं शेजारी बसली. वाटेत त्यांनी तिला विचारलं, "पाणी घेतलंस ना?" तिला त्या प्रश्नानंही बरं वाटलं.

अप्पा पिंजऱ्यात चढले. नौशीननं सरळच विचारलं, "आपण आरोपीच्या मागं बसला होता?"

"हो."

"हेल्मेट होतं?"

"हो."

"हेल्मेटवरचा डोळा चालू होता की बंद?"

समोरच्या बाकावर खोत बसला होता. गणवेशात, गुडघ्यावर टोपी. अप्पांचं उत्तर नीट ऐकू यावं म्हणून त्यानं चांगला कान पुढं केला आणि मान थोडी तिरकी धरली. अप्पांचं लक्ष तिकडं गेलं. वैजयंतीनं ते पाहिलं.

"बंद होता," अप्पा म्हणाले.

नौशीन एक पाऊल पुढं आली. "नीट आठवून सांगा. शपथेवर आहात."

"बंद होता. आणि हात कसा दुखावला ते मला दिसलं नाही. मी मागं होतो."

नौशीन वळली. केंद्राचा अहवाल तिच्या टेबलावर उपडा ठेवलेला होता. तिनं काही विचारलं नाही, फक्त वैजयंतीकडं पाहिलं. अहवाल पुढं केला तर अप्पा शपथेवर खोटं बोलले हे सिद्ध होणार होतं. नोंद पुसायला कायद्याची मोकळीक होती, खोट्या साक्षीला नव्हती. नाही केला, तर नोंदणी जाणार, आणि अंगठा तिनं स्वतःच मोडून घेतला असं कायमचं कागदावर राहणार.

अप्पाही तिच्याकडं बघत होते. त्यांच्या नजरेत विनवणी असती तर कदाचित तिचा जीव तुटला असता. पण त्यांच्या नजरेत खात्री होती. ही काही बोलायची नाही, माझीच पोर आहे, अशी खात्री.

वैजयंतीनं मान हलवली. हो म्हणून.

अहवाल न्यायाधीशांकडं गेला. न्यायाधीशबाईंनी तो दोनदा वाचला, मग चष्म्यावरून साक्षीदाराकडं पाहिलं. "मगदूम, हे तुमच्याच चिपचे ठसे आहेत. आता काय म्हणता?"

अप्पा कठड्याला धरून उभे राहिले. वैजयंतीनं त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

निकाल लागला तो असा. संशयाचा फायदा देऊन वैजयंतीची सुटका झाली. तिची नोंद जोडीअभावी पुराव्यात आलीच नाही, त्यामुळं खोतवर काही सिद्ध झालं नाही. नावाची पट्टी न लावल्याबद्दल त्याला ताकीद मिळाली. आणि खोटी साक्ष दिल्याबद्दल नेमगोंडा मगदूम यांच्यावर कारवाईचा आदेश निघाला. बाभळीखालच्या त्या प्रकरणात गुन्हेगार ठरणार होते ते एकटे अप्पा.

बाहेर जिन्यापाशी खोत अप्पांसमोरून गेला. आजूबाजूला पत्रकार होते. त्यानं ओळख दाखवली नाही.

*

वैजयंतीनं रुग्णालयाजवळ खोली घेतली. दाब द्यायचं काम तिला आता जमत नव्हतं. नव्या मुलींना शिकवायचं काम तिनं मागून घेतलं. भांडण असं झालंच नाही. एके दिवशी तिनं कपडे भरले, अप्पांनी बॅगेची चेन लावून दिली, एवढंच.

मग एका सकाळी अप्पांचा फोन आला. "तुझ्या नावानं समन्स आलंय इथं. घेऊन जा."

समन्स अप्पांच्याच खटल्यातलं होतं. सरकारी साक्षीदार म्हणून तिला बोलावलं होतं. अप्पांनी ते उघडून वाचलेलं होतं आणि चहाच्या कपाशेजारी ठेवलं होतं. तिनं उभ्यानंच वाचलं.

"काय सांगणार आहेस?" अप्पांनी विचारलं.

"विचारतील ते. खरं असेल ते."

"दिवा बघितला नाही म्हणालीस तरी चालतं. तू पुढं होतीस. मागचं तुला कसं दिसणार?"

वैजयंतीनं त्यांच्याकडं पाहिलं. आपण काय मागतोय हे त्यांना कळत होतं की नाही, हे तिला कळेना. मग अप्पांनीच मान खाली घातली.

"राहू दे," ते म्हणाले. "सांग काय सांगायचं ते." आणि थोड्या वेळानं, "खोत एकदा पण आला नाही. फोन पण उचलत नाही."

ती खुर्चीत बसली. खोतविषयी तिला बोलायचं नव्हतं. गेले कित्येक दिवस तिच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती वकिलाला किंवा न्यायाधीशांना विचारता येण्यासारखी नव्हती.

"अप्पा, हेल्मेटचा माइक आतल्या बाजूला असतो. तोंडापाशी. बाहेर ऐकू येणार नाही असं पुटपुटलं तरी टिपतो तो."

"हं."

"त्यानं माझा अंगठा मोडला, तेव्हा तुम्ही आत काही बोललात का?"

कपाच्या कानाशी अप्पांची बोटं चाळवली.

"तुझं नाव घेतलं," ते म्हणाले. "वैजू म्हणालो. दोनदा."

ती ऐकत राहिली. खरंही असेल. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पूर्वी एवढ्यावर तिनं उठून त्यांना जवळ घेतलं असतं. पण डोळा बंद होता हेही त्यांनी असंच सांगितलं होतं, तिला घास भरवताना, याच टेबलाशी, याच आवाजात. आणि त्या वेळी ते खरंच काय बोलले हे जिथं टिपलेलं होतं, ते त्यांनी स्वतःच्या हातानं पुसून टाकलं होतं.

तिनं पुन्हा एकदा त्यांच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. विश्वास ठेवायचा तिनं मनापासून प्रयत्न केला.

"असेल," ती म्हणाली, आणि समन्स घेऊन उठली.